तुळजाबाईची दरखास्त

तुळजाबाईला नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल झालं नाही, म्हणून भुजंगनं चतुराबाईशी दुसरं लग्न केलं. भांडण झालं नाही, मारहाण झाली नाही. एका सकाळी त्यानं गाडी जुंपली, परतूरजवळच्या खडकवाडीत तिच्या भावाच्या दारात तिला उतरवलं आणि पाणीसुद्धा न पिता गाडी माघारी वळवली. सोडचिठ्ठी दिली नाही. "ऱ्हाऊ दे काही दिवस," एवढंच म्हणाला.

भाऊ रामकिसन तिच्याहून बराच मोठा. बाप गेल्यापासून शेत आणि घर तोच बघायचा. बहिणीला त्यानं कधी एका शब्दानं दुखवलं नाही, पण भुजंगचं नाव निघालं की तो उठून गोठ्याकडे जायचा. भावजय द्वारकाबाईही वाईट नव्हती. तरी घरी कुणी पाव्हणं आलं की तुळजाबाई मागच्या दारी जाऊन बसायची. आपण कोण, हे दरवेळी नव्यानं सांगायचा तिला कंटाळा आला होता.

दुसऱ्या वर्षी द्वारकाबाईचं पहिलं बाळंतपण अडलं. सुईणीनं हात टेकले. रामकिसननं बायकोला गाडीत घातलं, परतूरच्या ठेसनावर आणलं आणि आगगाडीनं जालन्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. सोबत तुळजाबाई होती. मुलगा झाला, पण द्वारकाबाईला ताप धरला आणि मुक्काम जवळजवळ महिनाभर लांबला.

त्या महिन्यात तुळजाबाई नुसती बसून राहिली नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पाणी दे, कुणाचं लेकरू हलव, कुणाला कूस बदलायला हात दे, असं तिचं चालू असायचं. तिथल्या डॉक्टरीणबाई विलायतेच्या होत्या. सगळे त्यांना मडम म्हणायचे. मडमचं मराठी स्वच्छ होतं आणि त्या झाडूवालीलाही अहोजाहो करायच्या. निघायच्या दिवशी त्यांनी रामकिसनला बोलावून विचारलं, "तुमच्या बहिणीला इथं आयाच्या कामावर ठेवता का?"

रामकिसन चाचरला. "मडम, लोक म्हनतील बाटली, किरिस्ताव झाली."

"आम्ही कुणाला ओढून नेत नाही. मागं खोली आहे. त्यांनी त्यांचा स्वयंपाक करावा, त्यांचे देव ठेवावेत."

रामकिसननं खाटेवरच्या बायकोकडे पाहिलं, तिच्या कुशीतल्या मुलाकडे पाहिलं आणि हो म्हणाला.

तुळजाबाई दोन वर्षं आया होती. कपडे उकळणं, खाटा पुसणं, भांडी उचलणं, हे तिचं काम. उषाबाई नावाची एक नर्स होती. तिच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतलेला. तिनं दुपारच्या वेळी तुळजाबाईला मराठी लिहायला-वाचायला शिकवलं. राज्य निजामाचं, सगळा कारभार उर्दूत, म्हणून उर्दूची अक्षरंही ती औषधं देणाऱ्या कंपाउंडरकडून शिकली. तिला नर्सचं काम बघायला आवडायचं. जखम धुण्याची एक रीत होती, पट्टी बांधण्याची एक रीत होती. घरात कुठलीही रीत अशीच का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इथं विचारलं की सांगत.

एके दिवशी मडमनी तिला बोलावलं. "हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगची शाळा आहे. तीन वर्षांचं शिक्षण. राहणं-जेवण तिथंच. या साली बाहेरगावच्या बायका घेणार आहेत. तुम्ही दरखास्त करा."

"मी? मला जमंल का?"

"शिकायला जड जाईल. काम जड जाणार नाही."

दरखास्तीबरोबर काय काय लागतं ते उषाबाईनं वाचून दाखवलं. वयाचा दाखला गावच्या पाटलाकडून. चालचलनाचा दाखला मडम देणार होत्या. देवी टोचल्याचा दाखला दवाखान्यातूनच मिळणार होता. शेवटी 'वली'ची, म्हणजे पालकाची, परवानगी. लग्न झालेल्या बाईचा वली तिचा नवरा.

उषाबाई म्हणाली, "विधवा म्हणून लिही. हैदराबादहून कोण बघायला येतंय?"

"तो जिता हाय. खोटं लिवून त्याला काहून मारू?"

"मग भावाची सही घे."

ती खडकवाडीला गेली. रामकिसननं सगळं ऐकून घेतलं. हैदराबादची शाळा सरकारी आहे, मिशनची नाही, हे कळल्यावर त्याचा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा द्वारकाबाईनं मोडून काढला. "त्या दवाखान्यात नसते गेले तर मी न्हाई अन् हे पोरगं न्हाई," ती म्हणाली. "आता ह्यांना शिकू द्या."

"माझी सही चालत असंल तर आत्ता करतो," रामकिसन म्हणाला, "पन भुजंगच्या दारात मी पाय ठेवनार न्हाई."

नवरा जिवंत असताना त्याची सही चालणार नव्हती. शेवटी तुळजाबाई एकटीच भुजंगच्या गावी, पिंपळगावला गेली.

तीन वर्षांनी ती त्या अंगणात उभी राहिली. गोठ्याला नवा पत्रा चढला होता. भुजंग बैलांच्या शिंगांना तेल लावत होता. तिला बघून तो दचकला, मग हात पुसत ओसरीवर येऊन बसला. "काहून आलीस?"

तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. आत चुलीपुढे चतुराबाई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"नर्स म्हंजे परक्या गड्यांच्या आंगाला हात लावायचा," भुजंग म्हणाला. "लोक म्हनतील, भुजंगची बायको काय करून राह्यली."

"तुमची बायको आत भाकऱ्या करून राह्यली. माझ्याबद्दल लोक कधीचेच बोलायचे थांबले."

"मी तुला सोडचिठ्ठी न्हाई दिली."

"न्हाई दिली म्हनून तर सही मागायला आले. दिली असती तर कशाला आले असते?"

"इचार करून सांगतो," म्हणत तो उठला आणि बैलांकडे गेला. तुळजाबाई निघाली. पाणंदीत मागून चपलांचा आवाज आला. चतुराबाई घागर घेऊन घाईनं येत होती. तिच्याहून लहान, नाकी-डोळी नीटस, पण डोळ्यांखाली काळं. दोघी याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

"आक्का, किती वर्सं जायचं हाय?"

"तीन."

"अन् मंग? हिकडं येनार?"

"हिकडं कशाला येईन?"

चतुराबाईनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "मला बी तीन वर्सं झाली. लेकरू न्हाई. सासूबाई म्हनत्यात, थोरलीला परत आना, दोघी ऱ्हातील." ती खाली बघत बोलत होती. "तुमी जा. मी सही करायला लावते."

तुळजाबाईला तिचा राग आला नाही. चतुराबाई तिच्या भल्यासाठी बोलत नव्हती, स्वतःसाठी बोलत होती, आणि तसं सरळ सांगत होती. बऱ्याच दिवसांत कुणी तिच्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी परतूरला तहसील कचेरीपुढे भुजंग खरोखर आला. चतुराबाई थोड्या अंतरावर गाडीत बसून होती. लिंबाखाली अर्जीनवीस चटई टाकून बसायचा. उर्दूतून अर्ज लिहून द्यायचा त्याचा धंदा. त्यानं दरखास्त लिहिली, परवानगीचा मजकूर लिहिला आणि वाचून मराठीत समजावून सांगितला. रामकिसन पाच-दहा पावलांवर पाठ करून उभा होता.

भुजंगनं बोरू हातात घेतला आणि थांबला. "मुन्शीजी, आनखी एक लिवा. परवानगी दिली हाय, पन मला लागंल तवा मी बायकोला परत बोलावू शकतो."

मुन्शीनं चष्म्यावरून तुळजाबाईकडे पाहिलं. "क्या बोलते, बाई? लिखूं?"

तुळजाबाईला वाटलं, नको म्हणावं. पण नको म्हटलं तर तो बोरू टाकून उठेल, हे तिला दिसत होतं. "लिवा," ती म्हणाली.

मुन्शीनं ओळ वाढवली. भुजंगनं मोडीत सही केली आणि कुणाशी न बोलता गाडीकडे गेला.

दोन महिन्यांनी बोलावणं आलं. रामकिसन तिला घेऊन हैदराबादला गेला. दोघांनीही एवढं मोठं शहर पाहिलं नव्हतं. काचीगुडा ठेसनाच्या बाहेर टांगेवाल्यांच्या गर्दीत रामकिसननं बहिणीचं मनगट धरलं ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडलं नाही.

आत एका लांब खोलीत मोठ्या मेट्रनबाई, एक डॉक्टर आणि एक कारकून बसले होते. कारकुनानं उर्दूत नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाला, "शौहर का नाम?"

तुळजाबाईनं नवऱ्याचं नाव आजवर कधी उच्चारलं नव्हतं. गावाकडं कुणी विचारलं की शेजारची बाई सांगायची. इथं शेजारी कुणी नव्हतं. "भुजंग रखमाजी," ती म्हणाली. कारकुनानं ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

वाचायला दिलेला उर्दू उतारा तिनं अडखळत पुरा केला. कामाबद्दल विचारलं ते तिनं नीट सांगितलं. मेट्रनबाईंनी मान हलवली, कागद उलटला आणि डॉक्टरांशी इंग्रजीत काही बोलल्या. डॉक्टरांनी ते उर्दूतून सांगितलं. नवरा कधीही परत बोलावू शकतो, असं यात लिहिलं आहे. सरकार तीन वर्षं शिकवणार, खाऊ घालणार, आणि मधेच तो येऊन घेऊन जाणार. अशी जागा देता येत नाही. पुढच्या साली दरखास्त करा, पण ही ओळ नको.

"मी जानार न्हाई," तुळजाबाई मराठीतच बोलली. डॉक्टरांना कळलं असावं. पण कागद बांधून झाला होता.

परतीच्या गाडीत रामकिसननं तिला केळी घेऊन दिली. तिनं हातातच धरून ठेवली. निजामाबाद मागं पडल्यावर ती म्हणाली, "दादा, त्यानं ती ओळ काहून घातली, कळलं का तुला?"

"खोड हाय त्याची."

"खोड न्हाई. चतुराला लेकरू न्हाई झालं तर मला न्यायचं. बियानं राखून ठेवत्यात तसं मला राखून ठेवून राह्यला."

रामकिसन खिडकीबाहेर बघत बसला. पूर्णा ठेसनावर उतरून त्यानं तांब्या भरून आणला. मग एकदम म्हणाला, "मी जाऊन बोलू का त्याच्याशी?"

"नको. तू मारशील."

"हाव, मारीन," तो म्हणाला, आणि दोघांनाही थोडं हसू आलं.

ती पुन्हा आयाच्या कामाला लागली. मडमनी फार काही विचारलं नाही. उषाबाईनं फक्त उर्दूची दुसरी किताब आणून दिली. पण त्या पावसाळ्यात तुळजाबाईचं वाचनात मन लागलं नाही. सही पुन्हा मागायची म्हणजे पुन्हा त्या अंगणात उभं राहायचं, आणि तो ती ओळ पुन्हा घालणार, यात तिला शंका नव्हती.

होळीच्या सुमारास भुजंग दवाखान्याच्या फाटकात गाडी घेऊन आला. गाडीत चतुराबाई होती, दिवस भरलेली. तुळजाबाई कपड्यांची टोपली घेऊन चालली होती. ती जागच्या जागी थांबली.

चतुराबाईनं तिला पाहिलं आणि म्हणाली, "आक्का, माझी माय बाळंतपनात गेल्ती. मी म्हनलं, जाईन तर तुमच्याच दवाखान्यात जाईन."

तुळजाबाईनं टोपली खाली ठेवली आणि तिला हात देऊन उतरवलं. आत नेलं, खाट दिली, पाणी दिलं. आया जे करते ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. मडम आणि उषाबाईनं सोडवलं. तुळजाबाईनं गरम पाणी आणून दिलं, नंतर खोली धुतली.

मग ती मागं कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसली. इतकी वर्षं लोक म्हणत होते की कमी तिच्यातच आहे, आणि तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात होतं, असं कशावरून? चतुराबाईलाही होत नाही, हे कळल्यावर ती जागा थोडी मोठी झाली होती. आज ती बंद झाली. उषाबाई तिला शोधत आली तेव्हा ती बिलकुल आवाज न करता रडत होती.

"मडम म्हणतात, असं नेमकं सांगता येत नाही," उषाबाई म्हणाली. "कधी कुणाच्यात काय, कधी काही नसतं."

"म्हनत असतील," तुळजाबाई म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि चादरी पिळायला घेतल्या. उषाबाईनं दुसरं टोक धरलं.

निघायच्या आदल्या दिवशी चतुराबाईनं तिला खाटेजवळ बोलावलं. "आता मागा सही," ती हळूच म्हणाली. "आता देतील."

भुजंग व्हरांड्यात बसला होता. मुलगी झाली म्हणून तो नाराज नव्हता. जो येईल त्याला तिचं जावळ किती दाट आहे ते सांगत होता. तुळजाबाई समोर आल्यावर तो जरा सरकून बसला. "ये. बस."

ती बसली नाही. "मला परत दरखास्त करायची हाय. सही पायजे. या बारीला त्याच्यात दुसरं काही लिवायचं न्हाई."

भुजंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मी म्हनत होतो, तू घरीच चाल. आता रागलोभ काही ऱ्हायला न्हाई. चतुरा कच्ची बाळंतीन, पोरीला बघायला कोनी पायजे. तुझ्याच हातची ऱ्हाईल ती."

तो वाईट बुद्धीनं बोलत नव्हता. त्याला ते चांगलंच वाटत होतं. क्षणभर तुळजाबाईला ती मुलगी डोळ्यांपुढे दिसली, मघाशीच तिनं तिचं दुपटं बदललं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी मला सोडलं त्याला चार वर्सं झाली. मी आता दुसऱ्या कामाची झाले. ते काम मला शिकून घ्यायचं हाय. तुमी सही करा. न्हाई केली तर मी इथं आया म्हनून ऱ्हाईन, पन पिंपळगावला येनार न्हाई."

भुजंगनं पागोट्याच्या शेवाशी चाळा केला. आतून मुलगी रडली, तसं त्याचं लक्ष तिकडं गेलं. "बराबर हाय," तो शेवटी म्हणाला. कुणाचं बराबर, ते त्यानं सांगितलं नाही.

सही मडमच्या टेबलावर झाली. मजकूर कंपाउंडरनं उर्दूत लिहिला, मडम साक्षीला बसल्या. भुजंगनं सही केली आणि कागद स्वतःच तुळजाबाईच्या हातात दिला. "जप तब्येतीला," म्हणाला. सहा वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. तिनं मान हलवली.

त्या साली उन्हाळ्यात ती पुन्हा हैदराबादला गेली. खोली तीच होती, मेट्रनबाई त्याच. यावेळी उर्दू उतारा ती न अडखळता वाचून गेली. मेट्रनबाईंनी कागद पाहिला आणि डॉक्टरांमार्फत विचारलं, "ओळ नाही, ठीक. पण नवरा आलाच तर?"

"आले तर भेटीन. जानार न्हाई."

डॉक्टर हसले आणि त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर नावं लागली. तुळजाबाईनं आपलं नाव आधी उर्दूत वाचलं, मग रामकिसनला वाचून दाखवलं. त्याला ती अक्षरं येत नव्हती, तरी तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत उभा राहिला. मग त्यानं तिचं बोचकं उचलून वसतिगृहाच्या दारापर्यंत नेलं. आत गड्यांना मज्जाव होता.

"कागद लिवत जा," तो म्हणाला. "पाटलाकडून वाचून घीन."

"लिवीन. मराठीत लिवीन."

तो वळून न बघता गेला.

शिक्षण तुळजाबाईला जड गेलं. पहिल्या वर्षी इंग्रजी शब्दांनी तिला रडवलं आणि एका विषयात ती नापास होऊन पुन्हा बसली. भुजंग कधी आला नाही. चतुराबाईला पुढं आणखी दोन मुलं झाली, दोन्ही मिशनच्याच दवाखान्यात. तीन वर्षांचं शिक्षण तुळजाबाईनं साडेतीन वर्षांत पुरं केलं आणि तिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेमलं.

पण त्या पहिल्या संध्याकाळी यातलं काही तिला माहीत नव्हतं. लांबलचक खोलीत खाटांच्या दोन ओळी होत्या. तिच्या शेजारच्या खाटेवर वरंगळकडची एक मुलगी बसली होती. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. दोघींनी आपापली नावं सांगितली आणि पुढं काय बोलावं ते दोघींनाही कळेना. शेवटी त्या मुलीनं डबा उघडून चिंचेचं लोणचं पुढं केलं. तुळजाबाईनं द्वारकाबाईनं दिलेलं दशमीचं फडकं सोडलं. जेवणाची घंटा व्हायला अजून अवकाश होता. दोघी खाटेच्या कडेला बसून खाऊ लागल्या.